निजामाचे दहा लाख पौंड आणि दुसऱ्याचे नाव

एकतंत्री राज्यकर्त्याला पैसा जमवणे फारसे अवघड जात नाही. अवघड असते ती सत्ता गेल्यावरही तो हाताशी राहील अशी तजवीज, आणि ही तजवीज त्याला एकट्याच्या बळावर करता येत नाही. स्वतःच्या नावावर ठेवलेली ठेव गादीबरोबरच जप्त होण्याची भीती असते, म्हणून त्याला दुसऱ्या कोणाचे तरी नाव लागते, मग ते एखाद्या कारखानदाराचे असो, मंत्र्याच्या मेहुण्याचे असो, कागदावरच अस्तित्वात असलेल्या कंपनीचे असो किंवा परदेशात वजन असलेल्या एखाद्या मध्यस्थाचे. मालमत्ता ज्याच्या नावावर दिसते तो तिचा खरा धनी नसतो, अशा व्यवहाराला भारतात बेनामी व्यवहार म्हणतात, आणि १९८८ च्या कायद्याने, तसेच त्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, त्याला बंदी केलेली आहे. या प्रकाराचे जगप्रसिद्ध उदाहरण फिलिपिन्सच्या फर्डिनंड मार्कोसचे असले, तरी त्याचा जवळचा नमुना पाहण्यासाठी सोलापूरच्या वाचकाला मनिलापर्यंत जाण्याचे कारण नाही. शहराच्या पूर्वेला काही कोसांवर १९४८ पर्यंत जी सरहद्द होती, तिच्या पलीकडच्या निजामशाहीचा पैसा लंडनच्या एका बँकेत दुसऱ्याच्या नावावर गेला आणि त्याचा मालक कोण हे ठरायला एकाहत्तर वर्षे लागली.

या प्रकरणात ‘बेकायदा संपत्ती’ हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या राज्यात कायदा म्हणजे त्याचे फर्मान होते आणि फर्मान काढणाऱ्याने घेतलेला पैसा त्याच्याच कायद्याने बेकायदा ठरणे शक्य नव्हते. हैदराबाद संस्थानातील सुमारे साठ टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारी खजिन्यात महसूल भरणारा, होता. तीसेक टक्के जहागीरदारांकडे होता. आणि उरलेला सुमारे एक दशांश ‘सर्फेखास’ म्हणून ओळखला जाई. सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी राखून ठेवलेला मुलूख. तेथील शेतकऱ्याने भरलेला सारा राज्याच्या अंदाजपत्रकात न जाता सरळ राजवाड्यात जात असे, आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील काही भाग याच सदरात मोडत असल्यामुळे बार्शी किंवा सोलापूरच्या बाजाराला येणाऱ्या कित्येक कुळांचा सारा थेट निजामाच्या खासगी तिजोरीत जमा होई. त्याशिवाय भेटीला येणाऱ्या प्रत्येकाकडून घेतला जाणारा नजराणा होताच. १९३७ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने ज्याला मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून छापले, त्याची श्रीमंती मोजताना राज्याचे किती आणि राजाचे किती हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो विचारण्याची सोयच त्या राज्यात नव्हती. पुढे लंडनच्या न्यायालयात नेमका हाच प्रश्न आडवा आला.

सरहद्दीवरच्या माणसाला या दुहेरी व्यवस्थेचा अनुभव रोजच्या नाण्यातही येई. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया ‘कलदार’ आणि निजामाचा रुपया ‘हाली’. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये हा सर्वसाधारण भाव असल्याने शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. स्वतःचे नाणे, स्वतःच्या नोटा, १९४१ च्या कायद्याने उभी राहिलेली स्वतःची हैदराबाद स्टेट बँक एवढा सरंजाम असूनही हे चलन संस्थानाबाहेर चालत नसल्यामुळे, विमान, बंदूक किंवा वकील बाहेरून आणायचा झाला की निजाम सरकारला कलदार तरी लागे किंवा पौंड तरी. सरकारची मोठी गंगाजळी भारत सरकारच्या रोख्यांत गुंतलेली होती आणि परदेशी खर्चासाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत खाते होते.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला आणि त्याच सुमारास संस्थानाच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद, म्हणजेच पंतप्रधानपद, मीर लायक अली यांच्याकडे गेले. लायक अली हे मुरलेले मुत्सद्दी नव्हते. ते अभियंता आणि कारखानदार होते, हैदराबादच्या नव्या उद्योगांत त्यांचे बस्तान बसलेले होते आणि सप्टेंबर १९४७ पर्यंत त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे प्रतिनिधित्व केले होते. त्या काळच्या हैदराबादेत उद्योग आणि दरबार यांच्यात फारसे अंतर नव्हते. सरकारच्या औद्योगिक निधीतून खासगी कंपन्यांचे भाग घेतले जात, कंपनीचे भांडवल बव्हंशी दरबाराच्या मर्जीने उभे राही आणि कारभार ‘मॅनेजिंग एजन्सी’ नावाच्या पद्धतीने, म्हणजे मालकी फारशी नसतानाही करारान्वये सर्व सूत्रे एका व्यापारी पेढीच्या हाती देऊन, चालवला जाई. अशा वातावरणात वाढलेल्या उद्योजकाच्या हाती सरकारच आल्यावर त्याने सरकारी गंगाजळी कंपनीच्या शिलकेसारखी हलवली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. परराष्ट्र व्यवहार आणि अर्थ ही खाती पाहणारे मोईन नवाज जंग हे त्यांचे मेहुणे होते. राज्यकारभार आणि सोयरिक यांची ही गुंफण पुढच्या घटनांत वारंवार दिसते.

नव्या मंत्रिमंडळाच्या पहिल्या काही आठवड्यांतच दोन वटहुकूम निघाले, एक संस्थानातून मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध घालणारा आणि दुसरा भारतीय चलनाला कायदेशीर चलन मानण्यास नकार देणारा. पाठोपाठ निजाम सरकारने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज देऊ केल्याचे उघडकीस आले. या कर्जाची रीत पाहण्यासारखी आहे, कारण त्यात एक रुपयाही रोख हलवायचा नव्हता. सरकारी रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाची लेखी कबुली. तो ज्याच्या नावावर असेल त्याला व्याज मिळते आणि मुदत संपल्यावर मुद्दल मिळते, आणि रीतसर हस्तांतर करून तो दुसऱ्याला देता येतो. निजाम सरकारने देऊ केलेले रोखे भारत सरकारचे होते. म्हणजे हैदराबादने ते पाकिस्तानला दिले की भारत सरकार आपोआप पाकिस्तानचे वीस कोटींचे देणेकरी होणार होते, तेही काश्मीरमध्ये लढाई चालू असताना. शत्रूच्या हातात आपल्याच सहीची हुंडी ठेवण्याचा हा प्रकार दिल्लीला झोंबला नसता तरच नवल. जैसे थे कराराच्या मुदतीत हे रोखे वटवले जाऊ नयेत अशी व्यवस्था करण्याचे लायक अलींना मान्य करावे लागले, परंतु राज्याचा पैसा राज्याबाहेर मित्राच्या नावावर ठेवण्याची वाट या प्रकरणाने पाडून दिली. ज्या रयतेच्या साऱ्यातून ही गंगाजळी साठली होती तिला यातले काहीच कळवले गेले नव्हते, आणि कळवावे असे वाटावे असे जबाबदार विधिमंडळही संस्थानात नव्हते.

संस्थानाच्या आत याच पैशावर दुसऱ्या बाजूनेही हात पडत होता. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी स्टेट बँकेची शाखा लुटून सुमारे वीस लाख रुपये लढ्यासाठी नेले. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी आणि त्याच्या रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र दलाने गावेच्या गावे धाकात ठेवली होती. सोलापूर जिल्ह्यात निर्वासितांची रीघ लागली होती आणि बार्शी, वागदरी अशा सरहद्दीवरच्या ठिकाणी सशस्त्र प्रतिकाराच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेने संस्थानात जाणारा माल आटला, आणि निजाम सरकारने शस्त्रांसाठी आकाशमार्ग धरला. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने भरून बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवत असे. या व्यवहाराला पौंड लागत, आणि लंडनच्या खात्याचे महत्त्व त्यामुळे एकदम वाढले.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैन्याच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनची मुख्य फळी सोलापूरहून निघाली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच ताब्यात आल्याने हैदराबादचा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता मोकळा झाला. हीच मोहीम ‘पोलीस कारवाई’ या सौम्य नावाने ओळखली जाते. १७ सप्टेंबरला लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सैन्याचे सेनापती एल एद्रूस यांनी रीतसर शस्त्रे खाली ठेवली. रणगाडे नळदुर्गवरून पुढे सरकत होते त्याच दिवसांत मोईन नवाज जंग हैदराबादचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे मांडण्यासाठी युरोपात होते, आणि त्यांच्या सूचनेवरून वेस्टमिन्स्टर बँकेतील निजाम सरकारच्या खात्यातले १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावावर वर्ग झाले.

रहिमतुल्ला हे नाव मुंबईला नवखे नव्हते. खोजा व्यापारी घराण्यातले त्यांचे वडील सर इब्राहिम रहिमतुल्ला मुंबई महापालिकेचे अध्यक्ष आणि पुढे केंद्रीय कायदेमंडळाचेही अध्यक्ष झाले होते. हबीब स्वतःही मुंबईच्या उद्योगक्षेत्रातून राजकारणात आलेले. फाळणीनंतर पाकिस्तानने त्यांना लंडनला पाठवले. निजामाचा पैसा त्यांच्याकडे गेला तो या अब्रूदार नावामुळे आणि पदामुळे, कारण भारताचे लष्करी प्रशासन हैदराबादेत बसले की संस्थानाच्या नावावरचे खाते त्याच्या हाती जाणार हे उघड होते, तर परक्या देशाच्या उच्चायुक्ताच्या खात्याला हात लावणे सोपे नव्हते. तजवीज चोख होती. मात्र तिच्यातच पुढच्या सात दशकांचा गुंता होता, कारण जे कुलूप भारताला उघडता येणार नव्हते ते निजामालाही उघडता येणार नव्हते.

हे निजामाच्या लगेच प्रत्ययाला आले. त्याच महिन्यात त्याने हे हस्तांतर आपल्या संमतीविना झाल्याचे बँकेला कळवून रक्कम परत मागितली. शरण आलेल्या राजाने नव्या सत्तेपुढे हात वर करण्यासाठी असे म्हटले, की मेहुण्या-मेहुण्यांच्या मंत्रिमंडळाने खरोखरच त्याला अंधारात ठेवले होते, यावर इतिहासकारांना वाद घालता येईल. बँकेला त्याचे सोयरसुतक नव्हते. खातेदार रहिमतुल्ला होते आणि त्यांच्या संमतीशिवाय पैसे देता येत नव्हते, उलट दुसरा दावेदार उभा राहिल्याने खातेदारालाही ते देता येईनात. रक्कम गोठली. लायक अली हैदराबादेत नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये ते तेथून निसटून कराचीला पोचले. निजाम त्याच वर्षाच्या जानेवारीपासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला होता, म्हणजे भारताच्या राज्यघटनेखाली त्याच राज्याचा नामधारी प्रमुख, आणि वर्षाला पन्नास लाख रुपयांचा तनखाही त्याला मंजूर झाला होता.

१९५४ मध्ये लंडनमध्ये दावा गुदरला गेला. त्यात वादी म्हणून निजाम होता आणि हैदराबाद राज्यही होते. पैसा राजाचा की राज्याचा हा प्रश्न टाळण्याचा हा साधा मार्ग होता, आणि तो काही काळ चाललाही. परंतु सुनावणी त्या मुद्द्यापर्यंत पोचलीच नाही, कारण पाकिस्तानने ‘सार्वभौम उन्मुक्ती’चे तत्त्व पुढे केले. एका सार्वभौम देशावर दुसऱ्या देशाच्या न्यायालयात त्याच्या मर्जीविरुद्ध खटला चालवता येत नाही, असे हे तत्त्व आहे; रहिमतुल्ला पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून रक्कम धरून होते, तेव्हा त्यांच्यावरचा दावा हा पाकिस्तानवरचाच दावा, असे म्हणणे मांडले गेले. अपील न्यायालयाने ते फेटाळले. नोव्हेंबर १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते उचलून धरले आणि दावा थांबवला. निजामाचा पैसा त्याचा नाही असे लॉर्ड्सनी म्हटले नाही, पाकिस्तानचा आहे असेही म्हटले नाही. त्यांनी फक्त एवढेच म्हटले की पाकिस्तानला न्यायालयात ओढता येणार नाही. परिणाम मात्र असा की पाकिस्तानला पैसे काढता येईनात आणि निजामाला मागता येईनात, आणि बँकेत व्याज वाढत राहिले.

याच्या शेजारी मार्कोसचे प्रकरण ठेवले की दोन्हींतला फरक स्पष्ट होतो. मार्कोस दांपत्याने १९६८ मध्येच झुरिकच्या क्रेडिट स्विसमध्ये ‘विल्यम सॉंडर्स’ आणि ‘जेन रायन’ या खोट्या नावांनी खाती उघडली आणि पुढे त्यांचा पैसा लिखटेनस्टाइनमधील प्रतिष्ठानांच्या आडोशाला गेला. देशात मात्र त्यांची नावे खरी माणसेच होती. रोबेर्तो बेनेदिक्तो या वर्गमित्राकडे साखरेचा व्यापार, एदुआर्दो कोहुआंग्को याच्याकडे खोबऱ्यावरच्या जकातीतून उभी राहिलेली बँक, आणि इमेल्डा मार्कोसच्या नात्यातल्या बाईशी लग्न झालेल्या एर्मिनिओ दिसिनी याच्याकडे बातानच्या अणुवीज प्रकल्पातील दलाली. लायक अली आणि मोईन नवाज जंग यांच्या नात्यागोत्याशी हा थाट ओळखीचा वाटावा. फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस पळाला, कोराझोन अकिनो यांच्या सरकारने पहिल्याच कार्यकारी आदेशाने संपत्ती शोधण्यासाठी आयोग नेमला, स्वित्झर्लंडने महिन्याभरात खाती गोठवली आणि २००३ मध्ये फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६५.८ कोटी डॉलर सरकारजमा केले. त्या न्यायालयाची कसोटी साधी होती: राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री म्हणून दोघांनी मिळवलेले कायदेशीर उत्पन्न हिशेबाने ३,०४,३७२ डॉलर भरते, आणि बाकीचे कोठून आले हे त्यांना सांगता येत नाही. मार्कोस लोकनियुक्त होता, म्हणून त्याला पगार होता. पगार होता, म्हणून वजाबाकी करता आली. निजामाला पगार नव्हता. ज्याचे संपूर्ण राज्यच उत्पन्न, त्याच्या बाबतीत कशातून काय वजा करायचे हे कोणत्याही न्यायाधीशाला सांगता आले नसते.

१९६५ मध्ये निजामाने या रकमेवरील आपला हक्क भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे लिहून दिला आणि २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याचे निधन झाले. त्याने उरलेल्या संपत्तीची व्यवस्था कशी केली होती हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. लंडनच्या अनुभवाने शहाणा झालेला हा माणूस पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी रीतसर विश्वस्त निधींकडे वळला आणि जडजवाहीर वेगळ्या निधींत ठेवले गेले. विश्वस्त निधीत मालमत्ता कायद्याने विश्वस्ताच्या नावावर असते, पण तिचा लाभ ठरवून दिलेल्या व्यक्तींनाच मिळतो आणि विश्वस्ताला ती स्वतःची म्हणता येत नाही. त्यातील १७३ दागिने १९९५ मध्ये भारत सरकारने २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. नाव दुसऱ्याचे असण्यातला धोका लेखी दस्ताने कसा टळतो, याचा हा घरचाच दाखला.

लंडनची कोंडी फुटली ती पाकिस्तानच्याच पावलाने. २०१३ मध्ये पाकिस्तानने रक्कम मिळवण्यासाठी स्वतःच दावा दाखल केला आणि स्वतः फिर्यादी होऊन दारात उभे राहिल्यावर उन्मुक्तीची ढाल आपोआप गळून पडली. आता निजामाचे नातू मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह, आणि त्यांच्याशी आपसात समझोता केलेले भारत सरकार, दुसऱ्या बाजूला उभे राहिले. पाकिस्तानचा मुख्य युक्तिवाद असा होता की हे पैसे सिडनी कॉटनच्या विमानांतून पोचलेल्या शस्त्रांचा मोबदला होते. शस्त्रे आली होती, हे कोणी नाकारले नाही. पण ही रक्कम त्यांची किंमत म्हणून दिली गेली, असे दाखवणारा पुरावा न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांना पटला नाही. पैसे भारताच्या हाती पडू नयेत म्हणून सुरक्षित ठेवायला दिले होते, या स्पष्टीकरणाने उलट पाकिस्तानचीच बाजू लंगडी झाली, कारण जपून ठेवायला दिलेली वस्तू ठेवणाऱ्याची होत नाही. २ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात त्यांनी असे ठरवले की रहिमतुल्ला यांनी ही रक्कम प्रथमपासून निजामासाठीच विश्वस्त म्हणून धरली होती. लेखी दस्त नसतानाही परिस्थितीवरून न्यायालय असा न्यास गृहीत धरू शकते, हे इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेतले जुने तत्त्व आहे. दहा लाखांची रक्कम तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

निकालाने रक्कम राजाची मानली, राज्याची नव्हे. पण दोन्ही नातू आणि भारत सरकार यांच्यात समझोता असल्यामुळे या भेदाचा प्रत्यक्ष व्यवहारावर परिणाम झाला नाही, आणि सर्फेखासचा पैसा कुठे संपतो व दिवाणीचा कुठे सुरू होतो हे तपासण्याची वेळ न्यायालयावर आली नाही. उस्मान अली खानच्या इतर वंशजांनी आपलाही वाटा आहे म्हणून प्रकरण पुन्हा उघडण्याची मागणी केली, ती २०२० मध्ये त्याच न्यायमूर्तींनी फेटाळली.